विमानातला एक आणा

चार्टर विमान चालवणाऱ्या माणसाला गावाकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो. पगार, विमानाचा आकार, परदेशवाऱ्या हे सगळं नंतर. आधी विचारतात, ‘‘कोनाले नेलं?’’ अकोल्यात गांधी रोडवर विचारतात, अमरावतीला ताईच्या घरी तिचे शेजारी विचारतात. नावं सांगायची नसतात, करारात तसं कलमच असतं. मी हसून विषय बदलतो आणि लोक आपापल्या मनानं नाव ठरवून टाकतात. एका निवडणुकीत तर मी एकाच संध्याकाळी दोन विरोधी पक्षांचे नेते दोन शहरांत सोडल्याची बातमी आमच्या गल्लीत होती.

मला सांगण्यासारखं वाटतं ते निराळंच आहे. कोणाला नेलं नाही, आणि नेलं नाही म्हणून पुढे माझं काय झालं. नोकरी बदलताना मी जो निर्णय घेतला, त्याचं मूळ त्यातच आहे.

चार्टरमध्ये मी हौसेनं आलो नाही. कमर्शियल पायलट लायसन्सला 200 तासांचं उड्डाण लागतं. ते पुरं करेपर्यंत बाबांनी शहराजवळचा एक प्लॉट विकला. लायसन्स हातात पडलं तेव्हा मोठ्या विमान कंपन्यांची भरती बंद होती. आमच्या बॅचमधले काही जण कॉल सेंटरला लागले, एक जण वडिलांच्या जिनिंगमध्ये बसला. मला एका छोट्या कंपनीत किंग एअर बी-200 वर को-पायलटची जागा मिळाली. दोन टर्बोप्रॉप इंजिनांचं हे विमान आखूड धावपट्टीवर उतरतं, म्हणून राजकारणी, खाणवाले, साखरवाले सगळ्यांना ते हवं असतं. एअरलाइनचा पायलट मुंबई-दिल्ली-बंगळुरू करतो. आम्ही नांदेड, धुळे, जळगाव, गोंदिया, यवतमाळ आणि अकोला करत होतो.

अकोल्याची शिवणीची धावपट्टी कृषी विद्यापीठाच्या जमिनीला लागून आहे. ती वाढवा, वाढवा अशी मागणी मी शाळेत होतो तेव्हाही होती आणि आजही आहे. जेट तिथं उतरत नाही, रात्रीची सोय नाही. परतीचं इंधन आपलं आपण पोटात घेऊन यायचं. त्यात एप्रिल-मेचा वऱ्हाडातला उन्हाळा. पारा 44-45 वर गेला की हवा विरळ होते, इंजिनाची ताकद आणि पंखांची उचल दोन्ही घटतात, आणि तीच धावपट्टी विमानाला आणखी आखूड पडते. मग वजन कमी करावं लागतं. प्रवाशाला ‘साहेब, एक माणूस आणि दोन बॅगा उतरवा’ असं सांगायची वेळ पायलटवर येते, आणि उतरवायचा माणूस नेमका साहेबांचा सर्वांत जवळचा असतो.

2024 च्या लोकसभेला अकोला आणि अमरावतीचं मतदान 26 एप्रिलला होतं. त्याआधीचे पंधरा-वीस दिवस आमच्या धंद्याची सुगी. तोवर मी त्या किंग एअरचा कॅप्टन झालो होतो. एका संध्याकाळी शिवणीहून निघायचं होतं. सूर्यास्त पावणेसातच्या आसपास. मी सकाळीच सांगून ठेवलं होतं की सव्वासहाला दार बंद करायचं, कारण त्यानंतर इंजिनं सुरू करून, टॅक्सी करून, उजेडात सुटणं भरवशाचं नाही. सभा लांबली. सहा वीसला पीएचा फोन आला, ‘‘निघालोच.’’ साडेसहाला पुन्हा तोच फोन. मग मुंबईहून कंपनीच्या मालकांचा. आवाज चढलेला नव्हता, उलट गोड होता. ‘‘कॅप्टन, पाच-दहा मिनिटांनी काय फरक पडतो? तुमचं तर गावच आहे, डोळे मिटून उडाल.’’

गावच आहे म्हणून तर मला ठाऊक होतं, तिथं अंधार पडला की काय दिसतं ते. काहीच दिसत नाही. मी नाही म्हणालो. गाड्यांचा ताफा आला तेव्हा सूर्य बुडाला होता. नेते खाली उतरले, माझ्याकडे बघितलं, घड्याळ बघितलं आणि पीएला म्हणाले, ‘‘नागपूरची फ्लाइट बघा. गाडी वळव.’’ एवढंच. अडीचशे किलोमीटरचा रस्ता होता त्यांच्यापुढे, तरी त्यांनी मला एक शब्द ऐकवला नाही. मी आजवर पाहिलंय, प्रवासी फार क्वचित हट्ट धरतो. हट्ट धरतात ते प्रवाशाच्या रागाला भिणारे लोक.

कंपनीही मला रागावली नाही. फक्त पुढच्या पंधरवड्यात माझं नाव रोस्टरवर दिसेना. दुसरा एक कॅप्टन ‘जास्त ॲडजस्ट करणारा’ होता, माझ्या उड्डाणांवर तो जाऊ लागला. आमच्या पगारात उड्डाणाच्या तासांचा भत्ता मोठा असतो. न बोलता शिक्षा कशी करतात ते मला पगाराच्या स्लिपवर कळलं.

असं दडपण आमच्या धंद्यात नवं नाही. 30 सप्टेंबर 2001 ला माधवराव शिंदे कानपूरच्या सभेला निघाले होते. मैनपुरीजवळ त्यांचं किंग एअर सी-90 कोसळलं आणि आठही जण गेले. 25 मे 2017 ला निलंग्यात मुख्यमंत्र्यांचं हेलिकॉप्टर उड्डाण घेताच खाली आलं, सुदैवानं सगळे वाचले. सप्टेंबर 2023 मध्ये भर पावसात मुंबईला उतरताना एक लियरजेट 45 धावपट्टीवरून घसरलं. प्रत्येक घटनेची कारणं वेगळी, आणि त्यांवर निवाडा करण्याचा अधिकार माझा नाही. पण चार्टरच्या पायलटांत यांतल्या कुठल्याही दिवसाचा विषय निघाला की बोलणं शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतं: त्या दिवशी कॉकपिटमध्ये ‘नको’ म्हणायला जागा होती का?

रोस्टरवरून नाव गेल्यावर 2024 च्या पावसाळ्यात मी नोकरी बदलायचं ठरवलं, तेव्हा माझ्यापुढे तीन रस्ते होते.

पहिला एअरलाइनचा. एटीआर चालवायचं, पण पुन्हा फर्स्ट ऑफिसर म्हणून, सीनिऑरिटीच्या यादीत तळाशी. तिथं नियम पक्के. विमान वाहतुकीचे नियम ठरवणाऱ्या डीजीसीएनं जानेवारी 2024 मध्ये आठवड्याची सलग विश्रांती 36 वरून 48 तास केली होती. कंपन्यांनी कुरकुर केली, अंमल लांबला आणि पुढे 2025 मध्ये तो दोन टप्प्यांत सुरू झाला, हा भाग वेगळा. एअरलाइनमध्ये विमान सोडायचं की नाही हे ठरवताना कॅप्टनच्या मागे डिस्पॅच, ऑपरेशन्स मॅन्युअल, पायलटांची संघटना असं सगळं उभं असतं. प्रवासी 70, त्यांतला एकही मालकाचा मेहुणा नाही. मात्र एकदा आत गेलं की बाहेर पडणं सोपं नाही. 2017 पासून कमांडरला एक वर्षाची आणि को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. तरीही बायकोचं मत एअरलाइनकडेच होतं. खरं सांगायचं तर ते शहाणपणाचं मत होतं.

दुसरा रस्ता एका उद्योगपतीचा. त्यांनी जुनं पण चांगलं जेट घेतलं होतं. दोन पायलट, एक इंजिनीअर, भरपूर पगार, वर परदेशात टाइप रेटिंगचा, म्हणजे त्या जातीचं विमान चालवायच्या परवान्याचा, खर्च. त्या खर्चाचा बाँड होता. मधेच सोडलं तर भरपाई. कामाचे तास कमी. वर्षातले कितीतरी दिवस विमान हँगरमध्येच.

तिसरी होती हिस्सेदारीवर विमानं चालवणारी कंपनी. विमान एकाचं नाही, अनेकांचं. कोणी आठवा हिस्सा घेतलेला, कोणी सोळावा. देखभाल, पायलट, परवाना, विमा सगळं कंपनीकडे.

बाबांना हे समजावताना मला वाटलं होतं तेवढा वेळ लागला नाही. आमच्या वावरात भावकीची सामाईक विहीर आहे. कोणाचा चार आणे हिस्सा, कोणाचा दोन आणे, त्याप्रमाणे पाण्याच्या पाळ्या. मी सोळावा हिस्सा म्हटलं आणि बाबा म्हणाले, ‘‘म्हंजे एक आना.’’ थोडा वेळ गप्प राहिले. मग विचारलं, ‘‘मोटर जयली तं कोन भरते?’’

हाच प्रश्न मी नंतर मुलाखतीत विचारला, जरा नीट कपडे घालून.

या पद्धतीचा उगम अमेरिकेतला. रिचर्ड सांटुली नावाच्या गणिताच्या माणसानं 1984 मध्ये एक्झिक्युटिव्ह जेट एव्हिएशन ही 1964 पासूनची चार्टर कंपनी विकत घेतली, आणि विमानं वर्षाला किती तास खरोखर उडतात, त्याचा हिशोब मांडला. मोठमोठ्या मालकांची विमानं बहुतेक वेळ उभीच. मग 1986 मध्ये त्यानं विमानाचे हिस्से विकायला काढले. सोळाव्या हिश्शाला वर्षाला 50 तास. तुमचं स्वतःचं विमान दुसरीकडे असलं तर त्याच जातीचं दुसरं येणार, म्हणजे हिस्सा एका विमानात आणि हक्क सगळ्या ताफ्यावर. पुढे हीच कंपनी नेटजेट्स झाली आणि 1998 मध्ये वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेनं ती घेतली. 1995 पासून फ्लेक्सजेट तिची स्पर्धक. आपल्याकडे 2005 मध्ये क्लब वन एअर ही कल्पना घेऊन आली, 2014 मध्ये कनिका टेकरीवाल यांच्या जेटसेटगोनं भाड्याच्या विमानांचा बाजार इंटरनेटवर आणला.

माझ्या बॅचचा एक जण अमेरिकेत अशा कंपनीत आहे. त्याला सात दिवस ड्यूटी, सात दिवस घर. घराजवळच्या विमानतळापासून ड्यूटी सुरू, तिथून विमानापर्यंत कंपनी पोचवते. मी त्याला म्हटलं, इथं अकोल्यात राहून मुंबईच्या कंपनीत नोकरी करायची असेल तर विदर्भ एक्स्प्रेसचं रिझर्व्हेशन हीच आपली पोझिशनिंग फ्लाइट. तो हसला, आणि मग त्यानं दिलेला सल्ला मी जपून वापरला. पगाराचे आकडे सगळे सांगतात, तू सुटीच्या तारखा कागदावर माग.

पण तारखांपेक्षाही मला एक गोष्ट कळून घ्यायची होती. हिस्सेदारीच्या कंपनीत ऑपरेशन्सच्या प्रमुखांना मी विचारलं, ‘‘तुमच्याकडे कॅप्टननं शेवटचं उड्डाण कधी रद्द केलं आणि त्याचं नंतर काय झालं?’’

उद्योगपतींच्या माणसानं या प्रश्नावर म्हटलं होतं, ‘‘आमच्याकडे अशी वेळच येत नाही.’’ तो खोटं बोलत नसावा. तिथं प्रवासी आणि पगार देणारा एकच. सकाळी ज्याला ‘आज हवामान नाही, सर’ म्हणायचं, संध्याकाळी त्याच्याच सहीनं बोनस. माणूस कितीही सज्जन असो, ती रचनाच अशी की पायलट आपणहोऊन मऊ होतो, कोणी दाबायची गरज पडत नाही.

हिस्सेदारीच्या कंपनीत मात्र प्रमुखांनी कपाटातून रजिस्टर काढलं. रद्द केलेली आणि डायव्हर्ट झालेली उड्डाणं, तारीख, कारण, कॅप्टन, प्रवाशाची पुढची व्यवस्था, खर्च कोणाच्या खात्यावर. एक नोंद अमरावतीची होती. पावसाळ्यात तिथल्या बेलोरा विमानतळावर दृश्यमानता 5 किलोमीटरच्या खाली आली, कॅप्टन नागपूरला गेला, हिस्सेदार तिथून गाडीनं अमरावतीला. मी त्या कॅप्टनचा नंबर मागितला. दिला. त्याला फोन केला, तो अजून त्याच कंपनीत होता. माझ्यासाठी हेच उत्तर होतं, बाकी त्यानं काय सांगितलं ते दुय्यम.

प्रमुख आणखी एक गोष्ट सहज बोलून गेले. हिस्सेदाराला विमानाचे तास मिळतात, पायलटचा मोबाइल नंबर मिळत नाही. सगळे फोन ऑपरेशन्स डेस्कवर. मी हसलो, पण घरी येताना ट्रेनमध्ये त्याचाच विचार करत होतो. एक आणा असलेल्या माणसाला राग येऊ शकतो, पण तो एकटा मालक नसतो. बाकीच्या पंधरा आण्यांना विमान धडधाकट हवं असतं. ज्या माणसाला ‘नाही’ म्हणायचं आणि जो माणूस आपलं रोस्टर लावतो, त्या दोघांमध्ये एक टेबल, एक रजिस्टर आणि बाकीचे हिस्सेदार आले की कॅप्टनचा आवाज घशात अडकत नाही. ही त्या कंपनीची कृपा नाही, त्या हिशोबाचा परिणाम आहे, आणि कृपेपेक्षा हिशोबावर माझा विश्वास जास्त.

मोटर जळली तर कोण भरतं, त्याचंही उत्तर मिळालं. बिघाड झाला तर बदली विमान देण्याची जबाबदारी कंपनीची. स्वतःचं नसेल तर बाजारातून भाड्यानं आणून. म्हणजे आडगावी विमान बंद पडलं तर ‘कसंतरी घेऊन या’ असा फोन कॅप्टनला करण्यात कंपनीचा मोह आहेच, मी तो नाकारत नाही. म्हणून आणखी विचारलं की छोट्या ठिकाणी इंजिनीअर सोबत येतो का, आणि सहामाही तपासणीचं सिम्युलेटर ट्रेनिंग कुठे होतं. आपल्याकडे बऱ्याच बिझनेस जेटचे सिम्युलेटर नाहीत; दुबई किंवा अमेरिका गाठावी लागते. खर्च वाचवायचा तर पहिली कात्री तिथंच लागते.

मी तिथं रुजू झालो. पगार उद्योगपतींच्या आकड्यापेक्षा बराच कमी.

सगळं गोड निघालं असं नाही. तुळशीचं लग्न आटोपलं की आमच्या डोक्यावर अक्षता पडायला सुरुवात होते. मुहूर्त एकच आणि हिस्सेदार अनेक. सगळ्यांना उदयपूर, सगळ्यांना गोवा, सगळ्यांना त्याच शुक्रवारी. मुंबईला गर्दीच्या वेळात खासगी विमानांना जागा नाही, पार्किंग तर नाहीच. प्रवाशाला सोडून रिकामं विमान घेऊन पुण्याला किंवा औरंगाबादला जायचं, पहाटे परत. या रिकाम्या फेऱ्या हिस्सेदाराला दिसत नाहीत, पण पायलटचं अंग त्यानंच दुखतं. तीन आठवडे ड्यूटी आणि आठवडाभर घर असं माझं ठरलंय, त्या तीन आठवड्यांत स्टँडबाय नावाचा प्रकार इतका आहे की हॉटेलच्या खोलीत बूट घालून टीव्ही बघायची सवय लागते. शिवाय मंदी आली आणि चार हिस्सेदारांनी आणे परत केले तर कंपनीचं काय, हा प्रश्न मला अधूनमधून झोपेतून उठवतो. एअरलाइनमध्ये गेलेले मित्र निश्चिंत आहेत असं म्हणावं, तर जेट एअरवेज 2019 मध्ये आणि गो फर्स्ट 2023 मध्ये बंद पडलेलं त्यांनीच पाहिलंय.

एका पावसाळ्यात माझ्यावरही रजिस्टरमध्ये नोंद व्हायची वेळ आली. ढग खाली, ठिकाण छोटं, ठरलेली मर्यादा ओलांडल्याशिवाय उतरणं शक्य नव्हतं. मी वळवलं. हिस्सेदारानं डेस्कला फोन करून बराच आवाज केला म्हणे. माझ्यापर्यंत त्यातला एक शब्द आला नाही. पुढच्या महिन्याचं रोस्टर मी मुद्दाम तारखेनुसार तपासलं. तास तेवढेच होते.

16 एप्रिल 2025 ला बेलोऱ्याहून मुंबईचं अलायन्स एअरचं एटीआर सुरू झालं. त्यासाठी धावपट्टी 1,850 मीटरची केली. त्याच आवारात एअर इंडियानं प्रशिक्षण संस्था उभारायचं ठरवलं. तिच्यासाठी 34 शिकाऊ विमानांची ऑर्डर दिली, दरवर्षी 180 पायलट घडवण्याचा बेत आहे. अमरावतीत आता घरोघरी एक तरी मुलगा किंवा मुलगी ‘पायलट व्हायचंय’ म्हणतेय. माझी भाची त्यांतलीच. मागच्या रजेत तिनं मला फैलावर घेतलं. एअरलाइन की जेट, कोणतं विमान भारी, कोणत्या कंपनीचा युनिफॉर्म बरा. मी तिला रजिस्टरची गोष्ट सांगितली.

‘‘पण मामा,’’ ती म्हणाली, ‘‘त्यायनं खोटं रजिस्टर दाखवलं तं?’’

वकील व्हायला हवी होती ही. मी म्हटलं, तसं वाटलं तर मुलाखतीच्या दिवशी तासभर आधी जा, हँगरमध्ये चहाच्या वेळेला टेक्निशियन लोकांत उभी राहा. विमानाचं काय ते कदाचित तुला सांगणार नाहीत. पण मागचा पगार किती तारखेला झाला, हे तुला न विचारता सांगतील.